साबणदाणीतला डोळा

२८ सप्टेंबर, रविवार

आजपण तेच. हजारदा सांगितलंय की खिडकीच्या फळीवर ओला टॉवेल टाकू नको, खाली माझं सोल्डरिंगचं सामान असतं. तर म्हणे, खिडकी टॉवेलासाठी असते, तुझ्या धुरासाठी नसते. सोल्डरच्या वासानं याचं डोकं दुखतं. मग बिडी ओढतो ती काय उदबत्ती आहे? बोललो तसं. भागवतचं हे लई बेकार. भांडण अर्ध्यावर सोडून तोंडावर चादर घेतो आणि उरलेलं अर्धं माझ्या डोक्यात चालू राहतं.

मला भोसरीला यानं आणलं, शेठकडं याच्या शब्दावर लागलो, आमच्या गल्लीतला आहे, चार वर्षांनी मोठा आहे. सगळं कबूल. म्हणून खिडकी पण याचीच?

वही खरं तर सर्किटच्या आकृत्या काढायला घेतली. नववीत शाळा सुटली तेव्हापासून पेनाला हात नव्हता. पुढून आकृत्या, मागून हे.

काम: साबणदाणीत डोळा बसवला. डोळा म्हणजे ती बारकी चकती, अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्यात असते ती. माझ्यात उलटं आहे. उजेड पडला की टक्, क्यामेऱ्याचं बटन आपोआप. जुन्या बटनाच्या मोबाईलच्या इअरफोनची पिन क्यामेऱ्याला बरोबर बसते, हे मला कोणी शिकवलं नाही. दिवाळीत गच्चीवर लावायचं. फटाका फुटला की फोटो. गेल्या वर्षी मोबाईलवर काढले ते सगळे बुंदी सांडल्यासारखे आलेत.

भा.ला दाखवलं. म्हणला, "साबण कुठं ठेवलास मग?"

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दसरा उद्या, पण गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून सगळं आजच. सकाळपासून मशीन धुणे. तीन नंबरच्या खालून लोखंडाचा इतका बुरा निघाला की दोन गोण्या भरल्या. मग झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पाटावर सगळी हत्यारं मांडली. पाने, हातोडी, मापाचं सामान, सगळं. आज हत्याराला काम लावायचं नाही. भा.नं बोटानं नट काढायला सांगितला तर मोरे सुपरवायझर ओरडला, "न्हाई रं, आज बोटांची बी सुट्टी हाय."

शेठच्या आई आल्या. आम्ही सगळे माई म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. दरवर्षीसारखं थोरल्या शेठचं, म्हणजे शेठच्या वडलांचं, हत्यार पेटीसकट लाल फडक्यात बांधून ऑफिसातल्या देव्हाऱ्यात ठेवलं. ते आता लक्ष्मीपूजनालाच सुटणार, तोवर हात लावायचा नाही. थोरल्या शेठनं त्याच्यावर धंदा सुरू केला.

क्यामेरा नेला होता. चाळीसेक फोटो काढले. शेठ म्हणला ग्रुपवर टाक. बघू. एवढं कार्ड कोण चाळणार, मला फटाक्याची घाई आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आकुर्डीला रावण जाळतात तिथं गेलो, भा. बरोबर. साबणदाणी फेल. डोळ्याला उजेड कळून बटन दाबेपर्यंत फटाका अर्धा विझलेला. वर रिक्षाचा लाईट आला की टक्, कोणी मोबाईलची बॅटरी लावली की टक्. हिला कोणताही उजेड फटाकाच वाटतो. साठ फोटोंत रावण एकात, तो पण पाठमोरा.

मग भा.चं डोकं चाललं. आधी तो वेल्डिंगला होता. म्हणला क्यामेरा उघडाच ठेव, मी भिंगापुढं काळा पुठ्ठा धरतो. फुटला की पुठ्ठा बाजूला, विझला की पुढं. वेल्डिंगची काच खालीवर करतात तसं. मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, आतून काळं होतं. तो धरायचा आणि मोजायचा, "एक, दोन, झाक." एका फोटोत तीन फटाके आले, एकाच्या मागं एक. इतका भारी फोटो मी आजवर काढला नव्हता.

काढला मी का त्यानं, हा प्रश्नच आहे. उद्या कंपनीत सांगत सुटेल.

साबणदाणीचा फोटो स्टेटसला ठेवला. बहिणीचं, शीतलचं, लगेच बदाम.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डिजिटल व्हर्नियर गायब. नवा. शेठनं मापं तपासायला गेल्या दिवाळीत घेतलेला, काळ्या पेटीतला, आकडे दिसणारा. मंगळवारी मी स्वतः त्याच्यावर माप घेतलं होतं. मोरेनं सगळे कप्पे उघडले, आमचे डबे पण. जेवणाचे.

४ ऑक्टोबर, शनिवार

मोरे मशीनवर आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच: "काय रं उम्या, साबनाच्या डबीत डोळा बसवलास म्हनं. त्यो डोळा कुठनं काढलास?"

दुकानातून आणला म्हणलं. म्हणला, "व्हय व्हय. दुकानातनंच."

म्हणजे यांना वाटतं व्हर्नियर फोडून मी आतलं सामान काढलं. व्हर्नियरमध्ये डोळा असतो का? पण हे सांगायला जावं तर म्हणतील, तुला आतलं कसं माहीत.

साबणदाणी खोलीच्या बाहेर गेली ती फक्त आकुर्डीला, भा.च्या देखत. मोरेला 'डोळा' हा शब्द कोणी सांगितला? एकच माणूस आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

शेठनं दोघांना बोलावलं. भा. आधी, मी नंतर. भा. वीस मिनिटं आत. मी पाच. शेठ ओरडला नाही, तेच वाईट. दिवाळीपर्यंत वस्तू सापडली तर ठीक. नाही सापडली तर मी घरी, आणि भागवतनं आणलंय तर भागवतचं पण बघावं लागेल.

भा.ला विचारलं, वीस मिनिटं काय बोललास? म्हणला, "तुझंच." भाजीत मीठ जास्त पडलं होतं. दोघांनी खाल्लं, कोणी विषय काढला नाही.

घरी काही कळवलं नाही. आईला वाटतं मी मशीन चालवतो. मी मशीनमध्ये लोखंडाचा जॉब ठेवतो आणि काढतो. हे काम पण गेलं तर गावात जाऊन काय सांगू?

७ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या कपड्यांच्या पेटीत पांढरा शर्ट खाली ठेवला होता, आज वर आहे. का मीच वर ठेवला? नाही. खाली होता.

पेटीला कुलूप कधी लावलं नाही. दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी, कधी त्याचा बनियन माझ्यात, माझे मोजे त्याच्यात. आता कुलूप लावलं तर बोलल्यासारखं होईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

झाकणावर केस ठेवून गेलो, डोक्याचा, थुंकी लावून. संध्याकाळी नव्हता. वाऱ्यानं पण जाऊ शकतो. पंखा होता.

केसाचा भरवसा नाही. साबणदाणीचा आहे. पेटीत अंधार. झाकण उघडलं की उजेड. उजेड पडला की टक्.

फटाक्याला उशीर करते. माणसाला करणार नाही. माणूस विझत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. बुटाच्या खोक्यात क्यामेरा, भिंग वर. फोकस हातानं, एक हात लांबीवर. बाजूला साबणदाणी. भोवती कपडे. दिघीला सामान आणायला जातो म्हणून सांगितलं. गेलो पण खरंच. कटिंग केली. खुर्चीत बसलो तरी कान पेटीकडं.

तीन वाजता आलो. भा. उंबऱ्यात बसून लसूण सोलत होता. वर न बघता म्हणला:

"आला का फोटो?"

आत जाऊन पेटी उघडली तर माझ्यावरच टक्.

"मला ऐकू आलं," म्हणला. "टक् वाजलं तेव्हाच कळलं. बघ, चांगला आलाय का."

दोन फोटो. पहिल्यात भा., वाकलेला, एक हात झाकणाला. तोंड नेहमीसारखंच. भाजीत काय पडलंय बघतो तसं. दुसऱ्यात मी. माझं तोंड मला ओळखू आलं नाही.

विचारलं कामून उघडली. मग त्यानं सांगितलं. शेठ म्हणला, तू आणलास त्याला, देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगशील का की त्यानं घेतलं नाही? भा. हो म्हणून आला. उद्या, शुक्रवारी सकाळी हात ठेवायचाय. मग त्याला झोप लागेना. लहान पोरगी आहे घरी, खोटी शपथ अंगावर येते म्हणतात. म्हणून आधी बघितलं. आजच. त्याआधी कधीच नाही.

"म्हणजे तुला वाटलं मी घेतलं असेल," मी म्हणलं.

"वाटलं नाही. माहीत नव्हतं. दोन्हीत फरक आहे."

"मला विचारायचं."

"तू काय सांगितलं असतंस ते मला माहीत होतं. देवाला ते चाललं नसतं."

मी लई बोललो. विश्वासघात, गाववाला, काय काय. तो सोलत राहिला. शेवटी म्हणला, "उम्या, मी तुझी पेटी उघडली. तू माझ्यासाठी पेटीत क्यामेरा लावलास. आता कोणी कोणावर विश्वास ठेवायचा राहिला ते सांग, मी तिथं सही करतो."

जेवलो नाही. मोरेला साबणदाणीचं कोणी सांगितलं ते राहिलंच विचारायचं. का त्यानं मुद्दाम विषय फिरवला?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दहाचा चहा. भा. ऑफिसात होता, काचेतून पाठ दिसत होती, शेठ समोर. शपथ घेतोय का नाव घेतोय, काचेतून काय कळणार.

टपरीवर सगळे विचारायला लागले, काय भाऊ, सापडला का व्हर्नियर, साबणानं धुतलास का. हसत होते. माझं डोकं फिरलं. क्यामेरा पिशवीत होता. मी म्हणलं माझी पेटी कोण उघडतं ते बघायचंय? आणि दाखवला. भा.चा फोटो. क्यामेऱ्याच्या मागच्या काचेवर.

सगळे क्यामेऱ्यावर वाकले. एकानं विचारलं, भागवत? मी म्हणलं बघ की, डोळे आहेत ना.

कोणीतरी त्याचा मोबाईलनं फोटो घेतला. मी बघितलं. थांबवलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

कंपनीच्या ग्रुपवर आलाय. खाली लिहिलंय 'पेटीतला चोर'. मी लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं कळत नाही, पुढून पुढून आलंय. हसणारी तोंडं किती आहेत ते मोजलं नाही.

भा. जेवणाच्या सुट्टीत कार्ड पंच करून गेला तो परत आला नाही. संध्याकाळी खोलीत आलो तर त्याची पेटी नव्हती. फरशीवर चौकोनी पांढरी जागा, धूळ नसलेली. टॉवेल नाही. लसूण सोललेला होता, वाटीत, वर झाकण.

फोन केला. वाजतो, कट होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भा.नं काम सोडलं. हिशेब पण घ्यायला आला नाही. चाकणला ठेकेदाराकडून लागलाय म्हणतात. मला व्हॉट्सअपवर ब्लॉक केलंय, त्याचा फोटो जाऊन करड्या रंगाचा माणूस आलाय.

कंपनीत आता सरळ झालं. शुक्रवारी त्यानं माझ्यासाठी शपथच घेतली म्हणे. ज्याची शपथ त्याचाच फोटो. चोर कोण ते ठरलं. मोरे माझ्याशी गोड. शेठनं पण मला काही विचारलं नाही. मी वाचलो. म्हणजे असंच झालं ना? मी त्याला देऊन सुटलो.

मला हे करायचं नव्हतं. पण मी त्या वेळी ऑफिसच्या काचेकडं बघत होतो, हेही खरं.

१९ ऑक्टोबर, रविवार

परवा लक्ष्मीपूजन. फटाक्यांसाठी कार्ड रिकामं करायला बसलो. रावणाचे उडवले. पूजेचे उडवायला लागलो, बोट बटनावर, एकेक: माळा. नारळ. शेठ. मोरे पेढा खाताना. माई लाल फडक्यात पेटी ठेवताना.

उडवणार होतो. पेटीचं झाकण उघडं होतं, माई आत कुंकू लावत होत्या. मोठं करून बघितलं. आत बारकी करडी खिडकी. आकडे दिसतात ती. शेजारी पिवळं स्टिकर, माप तपासल्याचं. जुन्याला स्टिकर नाही. थोरल्या शेठचं हत्यार म्हणजे पण व्हर्नियरच आहे, जुना, आकडे कोरलेला, असल्याच काळ्या पेटीत. दोन्ही पाटावर शेजारी शेजारी होते. माईंनी काळ्या चष्म्यातून नवा उचलला.

आणि नंतर कोणी फडकं सोडलं नाही. सोडायचंच नसतं.

अठरा दिवस माझ्या कार्डात होतं.

मग दुसरं आठवलं आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. देव्हाऱ्यावर हात ठेवायचा म्हणजे तिथं त्या फडक्यावरच ठेवतात. पगारवाढीला, भांडण मिटवायला, सगळे तिथंच ठेवतात. भागवतनं माझी शपथ घेतली तेव्हा त्याचा हात त्या व्हर्नियरवर होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

पूजेच्या आधी शेठला एकट्याला गाठलं. फोटो दाखवला. बघितला, परत बघितला. मग माईंना म्हणला, आई, आज फडकं तू सोड. माईंनी सोडलं. नवा व्हर्नियर, जबड्यात कुंकू वाळलेलं. माई म्हणल्या, "अगं बाई, मग ह्यांचा कुठंय?" ह्यांचा मापं तपासायच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात निघाला, कागदाखाली.

तो कप्पा मोरे रोज उघडतो. मी मोरेकडं बघत होतो. त्याला नवल वाटलं नाही. निदान मला तसं दिसलं. जुना व्हर्नियर कप्प्यात बघून त्याला तेव्हाच कळलं असेल का? विचारलं नाही. विचारून काय, "व्हय, कळलं हुतं" म्हणणार आहे का.

शेठ म्हणला, बरं झालं, आईचं नाव ग्रुपवर नको. मिठाईचा पुडा दिला. मी म्हणलं, भागवतचं नाव आहे ग्रुपवर. म्हणला, "दिवाळी होऊ दे. बघतो."

संध्याकाळी गच्ची. फटाके दिघीच्या बाजूनं, इकडून, सगळीकडून. मिलिटरीच्या हद्दीकडं तेवढा अंधार, तिथं फटाका चांगला उठून दिसतो. स्टँड लावला, क्यामेरा उघडा ठेवला. पुठ्ठा धरला तर बटन सुटतं, बटन धरलं तर पुठ्ठा हलतो. दोन हातांचं काम नाही हे. साबणदाणी लावली, ती समोरच्या बाईच्या फुलबाजीवर टक्टक् करत बसली. शेवटी पुठ्ठा तोंडात धरला. घरमालकाची नात म्हणली, "उमेशदादा, तुम्ही पुठ्ठा खाताय का?"

एक आला. एकच. बाकी सगळं धुराचं.

पूजेचा फोटो, माईंचे हात कापून, फक्त व्हर्नियर आणि फडकं ठेवून, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: भागवतनं काही घेतलं नव्हतं, मी पण नव्हतं घेतलं. दहा मिनिटांत उडाला. ग्रुप मोरे चालवतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

शीतलनं फोनवर ओवाळलं, ताट मोबाईलपुढं फिरवलं. मागून आई: भागवत काल आला होता भेटायला, तुझं चांगलं चाललंय म्हणला. आणखी काय म्हणला? काही नाही, चहा घेतला, पोरीला घेऊन आला होता.

काहीच सांगितलं नाही त्यानं. कामून?

शीतलला फटाक्याचा फोटो पाठवला. म्हणली, "दादा, तुझ्या त्या डोळ्यानं काढला का?" मी विचारलं तुला डोळा कसा माहीत. भागवतनं सांगितला ना? म्हणली, "येडा आहेस का, तूच स्टेटसला ठेवला होतास की. वर लिहिलं होतंस, 'माझा डोळा, स्वतः बनवलेला'."

वही मागं चाळली. दसऱ्याच्या दिवशी माझ्याच अक्षरात आहे. स्टेटस टाकलं म्हणून.

मोरेचा नंबर माझ्याकडं आहे, माझा त्याच्याकडं. त्यानं बघितलं का, आता कळायला मार्ग नाही. एक दिवसानं जातं ते, बघणाऱ्यांची नावं पण जातात. बघितलं असेल. नाहीतर भा.नंच सांगितलं असेल, गंमत म्हणून, चहावर. दोन्ही होऊ शकतं. मला अजून हे दुसरं सुचतंय, याचीच लाज वाटते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी होती, चाकणला गेलो. दोन बस बदलून. गेटवर वॉचमन, कोण भागवत? कोणत्या ठेकेदाराचा? माझ्याकडं फक्त नाव. तो म्हणला, भाऊ, आत चारशे जण आहेत, भागवत दहा निघतील.

शिफ्ट सुटेपर्यंत उभा राहिलो. कामगारांच्या बस निघाल्या. एकीत खिडकीला कोणीतरी, तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेलं. तसाच झोपतो तो. हाक मारली. टॉवेल हलला नाही. झोपला असेल. किंवा जागा असेल. किंवा तो नसेलच.

घरमालक विचारतो दुसरा पार्टनर आणू का. थांबा म्हणलं. भाडं मी भरतो.

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुळशीचं लग्न. परत फटाके. क्यामेरा काढला नाही. साबणदाणी उघडून डोळा काढला, कागदात गुंडाळून ठेवला. बेसिनवर साबण तिच्यात ठेवलाय. खाली दोन भोकं आहेत वायरची, पाणी निथळायला बरी.

फोन उचलत नाही. व्हॉट्सअप बंद. गावाकडून निरोप द्यावा तर सगळ्या गल्लीला कळेल, जे त्यानं कळू दिलं नाही. एकच रस्ता उरलाय. पैसे पाठवायच्या ॲपवर त्याचा नंबर अजून आहे. रेशनचे अर्धे त्यावरच द्यायचो. तिथं पैशाबरोबर दोन ओळी लिहिता येतात, आणि पैसे आले की बघावंच लागतं, आपल्यासारख्याला तर लागतंच.

आधी पाचशे लिहिले. वाटलं तोंड बंद करायला दिल्यासारखे दिसतील. शंभर केले. ते तर टपरीची उधारी दिल्यासारखे. अकरा लिहिले, तर शुभकार्य आहे का काय. सगळं खोडलं.

ओळी मात्र ठरल्या होत्या, सकाळपासून पाठ आहेत. "लाल फडक्यात होता. तू हात ठेवलास त्याच्या खालीच. फोटो मी दाखवला. खिडकी रिकामी आहे."

पाठवले. रुपये १.